शिट्टी

मुलानं पोस्टानं पाठवली,
नारिंगी, प्लास्टिकची, गळ्यात घालायच्या दोरीसकट.
सोबत चिठ्ठी, माझ्या चष्म्याला झेपेल अशा अक्षरांत:
आई, डोंगरावर फोनला रेंज नसते.
सहादा फुंकायचं. मिनिटभर थांबायचं. परत सहादा.

मिरजेत, दहा वर्षांची असताना,
ओठांचा चंबू करून एकदाच पाहिलं होतं वाजतंय का.
पाठीत धपाटा बसला.
मुलीच्या जातीला शोभतं का हे?
तिन्हीसांजेला शिट्टी मारली की साप येतात घरात.
त्यानंतर पासष्ट वर्षं
कुकरच्या तेवढ्या मोजल्या.

दर बुधवारी मार्सडेनच्या धरणाकडे निघतो आम्ही.
पुढे एनिड, एक्क्याऐंशीची,
लोकरीच्या गिरणीत उभ्यानं जन्म काढलेली.
बसले की गंजते, म्हणते.
मागे मी, दोन काठ्या धरून चतुष्पाद.
मधे मॉरीन, जिच्या पिशवीत
एक आख्खा दवाखाना आणि दोन केळी.

पडले होते मी, नाही असं नाही.
पण डोंगरावर नव्हे. घराच्या दारात,
कचऱ्याचा डबा ओढताना, ओल्या पानांवर.
सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये,
शेजारची पोर येऊन वेणी घालायची.
म्हणून आता उतारावर पाय आडवा टाकते,
रक्तदाबाची गोळी घेतली की लगेच उठत नाही,
आणि साडेतीनला अंधार पडतो इथे डिसेंबरात,
तेव्हा दोनला पाठ फिरवते,
धरण कितीही चमकत असलं तरी.
याला भिणं म्हणा हवं तर.
मी याला हिशेब म्हणते.

त्या बुधवारी गवतावर दहिवर गोठलेलं,
वाटेवर बर्फाचा काचेसारखा पापुद्रा.
आम्ही बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवले,
बदकांसारख्या, पावलं लहान लहान.
तेवढ्यात तो गेला शेजारून,
चड्डी आखूड, कानांत गाणं,
पंचविशीतला, वाऱ्यासारखा.
एनिड म्हणाली, बघ गं, काय पाय आहेत!
आणि पुढच्याच वळणावर ते पाय आभाळात.

घोटा हा हा म्हणता सुजला, वांग्याएवढा.
आपलाच फोन हलवत बसला होता तो,
रेंज सापडेल या आशेनं.
मॉरीननं चंदेरी कागदी पांघरूण काढलं,
एनिडनं स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ओढली,
थर्मासमधला आल्याचा चहा मी त्याच्या हातात दिला.
मग सगळे माझ्या गळ्याकडे पाहायला लागले.

पहिल्या फुंकीला नुसती वाफ निघाली.
दुसरीला थुंकी.
तिसरीला
समोरच्या उतारावरच्या मेंढ्यांनी माना वळवल्या,
आणि कुठूनतरी आईसुद्धा वळली असावी,
हात उगारलेली, तशीच थांबली असावी.
सहादा. मग मिनिटभर
धरणावरचा वारा आणि पोराचे दात वाजणं.
परत सहादा.
काय आवाज होता! मला माहीतच नव्हतं
इतकी हवा शिल्लक आहे माझ्यात.

साप आले नाहीत.
लाल जाकिटातले दोघे आले, स्ट्रेचर घेऊन.
त्यातल्या एकानं विचारलं, पडलं कोण?
आणि आम्हा तिघींकडेच पाहिलं.
एनिडनं काठीनं मुलाकडे दाखवलं,
फारच समाधानानं.

रात्री मुलाचा फोन.
बाहेर गेली होतीस? जपून ना?
म्हटलं, हो रे, जपूनच.
शिट्टी किल्ल्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेली.
मघाशी कुकर उतरवला,
तीन झाल्या होत्या.
चौथी मी दिली.